मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

मास्तरीणबाईंनी गाडी तळ्यात घातली, ही बातमी आमच्या गल्लीत इस्त्रीवाल्यानं आणली. सकाळी गाडीचं फक्त पुढचं चाक पाण्यात गेलं होतं. दुपारपर्यंत ती टपापर्यंत बुडाली. संध्याकाळी क्रेन आली. दुसऱ्या दिवशी मी दाढी करत होतो तेव्हा आमच्या हिनं आरशात डोकावून सांगितलं, की दोन्ही कुत्री पोहत काठाला लागली म्हणून वाचली, आणि मास्तर तेवढे टपावर बसून हाका मारत होते.

यातलं काहीही खरं नाही. त्या गाडीला तळ्याचं पाणी लागलं ते एवढंच, की कुत्री पाण्यात मनसोक्त डुंबली आणि मागच्या सीटवर येऊन त्यांनी अंग झटकलं. मी स्वतः खिडकीतून डोकं आत घालून खात्री करून आलोय. आत ओल्या कुत्र्याचा वास येत होता, बुडालेल्या गाडीचा नाही. (बुडालेल्या गाडीचा वास कसा असतो हे मला माहीत नाही, पण इस्त्रीवाल्याला तरी कुठे माहीत होतं?)

गंमत अशी, की खुद्द मास्तरीणबाईंनी ही अफवा कधी खोडून काढली नाही. इस्त्रीवाल्यानं तोंडावर विचारलं, तेव्हा कपड्यांचं गाठोडं त्याच्या टेबलावर आपटून म्हणाल्या, "हो तर! ताजे मासे हवे होते. म्हटलं, आत जाऊनच घ्यावेत." आणि निघाल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. खोटी गोष्ट माणूस एवढ्या सुखानं मिरवतो, तेव्हा खरी गोष्ट त्याहून बोचणारी असते.

तर मास्तरीणबाई म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या वहिनी. त्यांचे यजमान मास्तर, पण शाळेतले नव्हेत, मोटार चालवायला शिकवणारे. जिन्याखालच्या एका खोलीत त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा मोठा तक्ता, कोपऱ्यात एका स्टुलावर ठोकलेलं जुनं स्टिअरिंग, आणि मधोमध प्लायवुडवर रंगवलेले रस्ते. त्या रस्त्यांवर खेळण्यातल्या गाड्या फिरवून मास्तर वळणं समजावायचे. प्लायवुडच्या मध्यभागी एक गोल चौक होता. तो हिरवा असायला हवा होता, पण रंगवताना हिरवा रंग संपला, म्हणून मास्तरांनी तो निळा फासून टाकला.

वहिनी दारापाशी टेबल टाकून बसायच्या. फोन घ्यायच्या, शिकणाऱ्यांच्या वेळा लावायच्या, आणि घामाघूम होऊन परतलेल्या माणसाला पाणी द्यायच्या. रोज सकाळी त्या प्लायवुड पुसायच्या, आणि पुसून झालं की कुणी बघत नाही असं समजून एक लाल गाडी त्या निळ्या गोलाभोवती हळूच फिरवायच्या. बघत मी असायचोच.

"काय वहिनी, कुठे निघालात?"

"तळ्याला चक्कर मारून येते, भावजी."

"आम्हाला नाही नेत?"

"मागे कुत्री बसलीत. जागा नाही."

कुत्री दोन. थोरला 'साहेब'. त्याचं तोंडच तसं होतं, जणू तुमच्या अर्जावर सही करायची की नाही याचा विचार चाललाय. तो शिकाऊ गाडीच्या खाली झोपायचा. गाडी सुरू करायच्या आधी काय बघायचं, असं मास्तरांनी विचारलं की नवे लोक "आरसा" म्हणायचे, आणि वहिनी आतून ओरडायच्या, "साहेब!" साहेब उठून, आळस देऊन, बाजूला होईपर्यंत धडा सुरू होत नसे. धाकटी 'लुडबुड'. हिला कुणीतरी शिकायला येताना घेऊन आलं होतं आणि लायसन्स मिळाल्यावर विसरून गेलं. नावाप्रमाणेच होती. फोन वाजला की आधी ती उचलायला धावायची.

आता मास्तरांच्या एका युक्तीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावर आलं. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. दोन्ही ब्रेक खालून एकाच दांडीला जोडलेले. मास्तरांनी आपला दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचाही आपोआप खाली जातो. तर समोर म्हैस आली, सायकल आली, शिकणारा घाबरून गारठला, की मास्तर आपला ब्रेक गुपचूप दाबायचे आणि वर म्हणायचे, "वा! वेळेवर दाबलात!" गडी खूश. त्याला वाटायचं, आपणच गाडी थांबवली. अर्ध्या गावाला मास्तरांनी असा धीर दिलाय. मलाही दिला असणार, पण मी ते मान्य करणार नाही. आणि गाडी नको तिथे थांबली, बंद पडली, तर त्यांचं दुसरं वाक्य ठरलेलं: "होतं असं. नवशिक्याचा पाय पडतो." हे ते इतक्या मायेनं म्हणायचे, की ऐकणाऱ्याला लाज वाटत नसे.

मुलगी नोकरीसाठी दूर गेली आणि घर शांत झालं, त्या वर्षी वहिनींनी जाहीर केलं, "मी गाडी शिकणार." मास्तर म्हणाले, "अगं, आता?" त्या म्हणाल्या, "अहो, मग कधी? पुढच्या जन्मी तुम्ही मास्तर असाल याची काय खात्री?"

त्या दिवसांत आमच्या गल्लीला दुसरी करमणूक लागली नाही. आम्ही गॅलऱ्यांत चहा घेऊन बसायचो. खाली गाडी गचके खात निघायची, आत दोघांची तोंडं हलताना दिसायची, आणि मागच्या काचेतून साहेब आमच्याकडे असा बघायचा, की लेखी तक्रार करणारच. पण सांगतो, वहिनींचा हात उत्तम बसला. परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाल्या. मास्तरांनी ही गोष्ट मला जिन्यात सांगितली, मग गच्चीवर सांगितली, मग पुन्हा जिन्यात सांगितली.

आणि मग त्यांनी खरोखरीच्या तळ्याला जायचं ठरवलं. आमच्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर एक मोठं तळं आहे. त्याच्या कडेकडेनं रस्ता जातो आणि पलीकडच्या अंगाला एक डोंगर आहे. डोंगरावर पायवाटेनं चढून गेलं की सगळं तळं एका नजरेत मावतं म्हणतात. वहिनींचा बेत पक्का होता: तळ्याकाठचा सगळा रस्ता त्या चालवणार, खिडक्या उघड्या, मागे कुत्री, आणि मग चौघांनी डोंगर चढायचा. एकच अट होती.

"तुमच्या बाजूच्या ब्रेकला पाय लावायचा नाही."

"अगं, सवय आहे पायाला."

"मग पाय वर घेऊन बसा."

आणि मास्तर बसले की हो! पुढच्या सीटवर चक्क मांडी घालून. निघताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मी ओरडलो, "मास्तर, आता हात जोडा म्हणजे शोभाल!" त्यांनी खरोखर हात जोडले. वहिनींनी खाडकन गिअर टाकला आणि गाडी कोपऱ्यावरून वळली. साहेबाचं डोकं एका खिडकीतून बाहेर, लुडबुडचं दुसरीतून.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला, असं दोघंही सांगतात. तळ्याशी पोचल्यावर कुत्री पाण्यात शिरली. साहेब, जो गल्लीत पाऊल मोजून टाकायचा, तो पिल्लासारखा उडत होता. रात्री एका साध्या खोलीत राहिले. तिथल्या पायपुसण्यावर कुत्री आणि खाटेवर ही दोघं, सगळी चिखलानं माखलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी तळ्याकाठच्या रस्त्याला गाडी घातली. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला झाडी. वहिनी गुणगुणत होत्या. साहेब मधल्या फटीतून पुढे आला होता, पुढचे पाय दोन सीटांच्या मध्ये, हनुवटी वहिनींच्या खांद्यापाशी. समोरचा रस्ता तोच बघतोय असं.

मास्तरांच्या पायाला मुंग्या आल्या. त्यांनी मांडी मोडली आणि पाय खाली घेतले. तेवढ्यात वळण आलं, आणि वळणावर झाडीतून पाण्याकडे निघालेली बदकांची रांग.

वहिनींनी ती पाहिली होती. त्यांनी आधीच वेग कमी केला होता. त्यांचा पाय ब्रेकवर हळू टेकला होता. गाडी आपसूक बदकांच्या अलीकडे थांबली असती. पण मास्तरांचा पाय आयुष्यभर ज्याच्यासाठी तयार झाला होता ते त्यानं केलं. खचकन. पुरता.

मला हे कितीतरी नंतर कळलं, पण माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगतोय.

गाडी जागच्या जागी गच्च थांबली. साहेब पुढे फेकला गेला, गिअरच्या दांड्यावर आपटला आणि खाली अडकला. असा ओरडला, की बदकंसुद्धा थांबली म्हणे. वहिनींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. त्यांनी मान वळवून मास्तरांकडे पाहिलं आणि विचारलं, "माझा पाय पडला का?"

आणि मास्तरांच्या तोंडून निघालं, "होतं असं. नवशिक्याचा पाय पडतो."

मायेनंच निघालं. जन्मभराच्या सवयीनं निघालं. पण निघालं.

जवळच्या वस्तीतल्या गुरांच्या डॉक्टरांनी साहेबाला टेबलावर घेऊन मागचा पाय बसवला. म्हणाले, "चालेल हा. पण डोंगराचं नाव काढू नका." तरी वहिनींचा आग्रह, की एवढं लांब आलोय तर निदान मास्तर आणि लुडबुडनं तरी वर जाऊन यावं. मास्तर लुडबुडला घेऊन निघाले. वहिनी साहेबाला मांडीवर घेऊन पायथ्याशी, पाण्याजवळच्या एका सपाट दगडावर बसल्या.

मास्तरांनी मला सांगितलं, की ते डोंगर चढले ते तळं बघायला नव्हेच. वाक्य जुळवायला चढले. वरून खाली पाहिलं तर तळं होतं, आरशासारखं, आणि कडेला एक ठिपका. तो ठिपका म्हणजे आपली बायको आणि तिच्या मांडीवर आपण जखमी केलेलं कुत्रं. लुडबुड त्यांना ओढत होती, आणि हे तिलाच सांगून बघत होते, "अगं, तो ब्रेक मी दाबला." कुत्रीला सांगताना व्यवस्थित जमलं. उतरताना प्रत्येक वळणावर पुन्हा म्हणून पाहिलं. खाली आले, तर वहिनी शेजारच्या सीटवर बसलेल्या होत्या, मास्तरांच्या जागी, साहेबाला कुशीत घेऊन. किल्ली चालवणाऱ्याच्या सीटवर ठेवलेली.

मास्तरांनी किल्ली उचलली. जुळवलेलं वाक्य न बोलताच गाडी गावाकडे वळवली.

त्यानंतर वहिनींनी गाडीला हात लावला नाही. ड्रायव्हिंग स्कूलची मास्तरीण पिशव्या घेऊन बसच्या रांगेत उभी, आणि समोरून तिच्याच नवऱ्याची शिकाऊ गाडी गचके खात जातेय, हे दृश्य आम्ही वर्षानुवर्षं पाहिलं. लोक हसायचे. तळ्याची अफवा त्यावर फोडणी घालायची. मीही वाट्टेल ते बोललोय: "वहिनी, बसमध्ये पाणी शिरत नाही ना?" त्या म्हणायच्या, "नाही हो. बसमध्ये तुमच्यासारखे शिरतात, तेवढंच."

मास्तर मधूनमधून विचारायचे. मी स्वतः ऐकलंय. "अगं, एक चक्कर मार की. हाताची सवय जाईल तुझी."

त्या टेबलावरचं काम थांबवायच्या, मास्तरांच्या तोंडाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या पायाचा भरवसा नाही ना." आणि बघतच राहायच्या. मास्तर भिंतीवरच्या खुणांच्या तक्त्याकडे बघायला लागायचे, जणू एखादी नवीन खूण निघालीय. मग फोन वाजायचा, लुडबुड धावायची, आणि तो विषय तिथेच संपायचा. मला वाटायचं, बिचारी घाबरलीय. आता वाटतं, ती प्रत्येक वेळी दार उघडून उभी राहत होती आणि हा गृहस्थ तक्ता वाचत होता.

प्लायवुड त्या पुसायच्या तेव्हाही, पण लाल गाडी उचलून खाली धूळ पुसायच्या आणि होती तिथेच परत ठेवायच्या.

साहेब लंगडत लंगडत म्हातारा झाला. गाडीखाली शिरणं जमेना तेव्हा वहिनींच्या टेबलाखाली झोपायला लागला. एका दुपारी तिथेच, झोपेतच गेला. फोन वाजत राहिला आणि पहिल्यांदाच कुणी धावलं नाही, लुडबुडसुद्धा. मास्तर गाडी घेऊन परतले, त्यांनी दारातून पाहिलं, आणि शिकणाऱ्याला रस्त्यावरच निरोप देऊन शटर ओढून घेतलं. मला पुढे म्हणाले, त्या दिवशी तिला सांगणार होतो. पण त्या दिवशी कसं सांगायचं?

पुढे मास्तरांचे गुडघे धरले आणि त्यांनी धंदा आवरायला घेतला. गाडी विकत घेणाऱ्यानं अट घातली, दुसरा ब्रेक काढून द्या. गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकनं गाडीखाली झोपून दांडी सोडवली, मास्तरांच्या बाजूचं पेडल उपटलं आणि त्यांच्या हातात दिलं. रबर झिजून मधोमध गुळगुळीत झालेलं. मी नेहमीप्रमाणे तिथे होतोच.

"काय मास्तर, दाढ काढल्यासारखं तोंड झालंय?"

मास्तर हसले नाहीत. गॅरेजच्या बाहेर टायरांच्या ढिगावर बसले, पेडल मांडीवर ठेवलं आणि मला सगळं सांगितलं. बदकांपासून. मी म्हटलं, "मास्तर, मला सांगून काय उपयोग? मी तर उद्या इस्त्रीवाल्याला सांगेन."

"म्हणून तर तुला सांगितलं," मास्तर म्हणाले. "आता मला घाई करावी लागेल."

गाडी द्यायच्या आधी शेवटचं तळ्यावर जाऊन येऊ, असं त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनी "बरं" म्हणाल्या. आपलं एकट्याचं तोंड उघडणार नाही याची मास्तरांना खात्री होती, म्हणून मला बरोबर घेतलं. मी मागे, लुडबुडच्या शेजारी. तीही आता म्हातारी झाली होती, पण माझ्या शर्टावर लाळ गाळण्याइतकी शक्ती होती. वहिनी पुढे, आपल्या नेहमीच्या जागी. त्यांच्या पायाशी जिथे पेडल होतं तिथे आता भोक होतं, आणि मेकॅनिकनं ते रबराच्या तुकड्यानं बुजवलं होतं. वहिनींनी चपलेच्या टोकानं तो तुकडा चाचपला.

"हे कधी काढलं?"

"मागच्या आठवड्यात."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

त्या वळणावर मास्तरांनी गाडी कडेला घेतली. बदकं नव्हती. झाडी मात्र फार वाढली होती. मास्तरांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगकडे बघत बोलले, "तेव्हा तो ब्रेक मी दाबला होता. तुझा पाय पडला नव्हता."

मी लुडबुडचा पट्टा घट्ट धरला. का, कोण जाणे. ती काही करत नव्हती.

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"अहो, माझा पाय त्याच्यावर नुसता टेकला होता. पेडल माझ्या पायाखालून निसटून खाली गेलं. मी दाबलं असतं तर पाय आधी गेला असता ना? एवढी वर्षं त्या ऑफिसात बसून मी काय नुसती माशा मारत होते?"

"मग तू विचारलंस का, माझा पाय पडला का म्हणून?"

"तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं होतं."

मास्तर रडले. फार नाही, चष्मा काढून पुसण्याइतके. मग त्यांनी किल्ली काढली आणि वहिनींच्या पुढे धरली. वहिनींनी ती पाहिली, हातात घेतली, पुन्हा त्यांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटली. म्हणाल्या, "माझं लायसन्स कधीच संपलंय हो. आणि मान बाहेर काढून बसायला मागे साहेब नाही. चला, डोंगराशी न्या."

डोंगराशी मास्तरांचे गुडघे चढू देईनात. ते त्याच सपाट दगडावर बसले. वहिनी लुडबुडला घेऊन पायवाटेला लागल्या, मी मागून. अर्ध्या चढावर लुडबुड बसकण मारून बसली आणि वहिनींनाही धाप लागली. तिथून तळ्याचा एक तुकडाच दिसत होता, बाकी सगळी झाडं. आणि खाली दगडावर एक ठिपका, चष्मा पुसत बसलेला.

"अजून थोडं वर गेलं की सगळं दिसेल," मी म्हटलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग खाली उतरू लागल्या.

मला राहवेना. उतरता उतरता मी विचारलंच, "वहिनी, सगळं माहीत होतं, तर त्याच दिवशी तोंडावर का नाही सांगितलंत? एवढी वर्षं बसनं फिरलात, लोकांचं हसणं सोसलंत. एका वाक्यानं मिटलं असतं."

वहिनी थांबल्या. पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "भावजी, शिकवणारे ते होते ना? चूक कुणाची झाली ते सांगायचं काम त्यांचं."